गाठीवरचा नंबर

१८६३ साली इंग्लंडमध्ये एका बिअर गाळणाऱ्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्याच्या मद्याला कोणी विषारी म्हटले नव्हते की त्याला चोर म्हटले नव्हते. हा ‘सुरत’ ब्रूअर आहे, याच्यापासून जपून राहा, एवढेच छापून आले होते. दावा तो जिंकला. भेसळखोर या अर्थाने ‘सुरत’ हा शब्द तिकडे तोवर शिवीसारखा रुळला होता. लँकेशायरच्या चर्चमधली एक गोष्टही त्या काळची म्हणून सांगतात. पाद्री म्हणाला, ‘देवा, आम्हाला कापूस दे.’ मागच्या बाकावरून एक गिरणी कामगार ओरडला, ‘पण सुरतचा नको!’

सुरत शहराचा यात तसा फार दोष नव्हता. मुंबई बंदरातून चढणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीला लिव्हरपूलचा दलाल ‘सुरत’ म्हणे. मग ती भडोचची असो, धारवाडची असो, वऱ्हाडची असो की आपल्या गिरणा नदीकाठची. चाळीसगाव, पाचोरा, जळगावच्या काळ्या रानात पिकलेला कापूस तिकडे त्याच एका बदनाम नावाखाली विकला जात होता. खानदेशी शेतकऱ्याला आपल्याला शिवी पडते आहे याचा पत्ता नव्हता. शिवी देणाऱ्यालाही ती नेमकी कोणाला द्यायची हे ठाऊक नव्हते. प्रत्येक गाठीवर वेगळा नंबर का टाकतात, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे, तो उत्तरेच्या नाकेबंदीने अडला. गिरण्या थंडावल्या, हजारो कामगार घरी बसले, आणि सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. भाव चौपटीच्या वर गेला. जी.आय.पी. रेल्वेचे रूळ नेमके याच वर्षांत नाशिककडून चाळीसगाव, जळगाव करत भुसावळकडे सरकत होते. थळ घाट रेल्वेने चढायला मात्र १८६५ उजाडले. त्याआधी खानदेशचा माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरे. वाटेत धूळ, वळवाचा पाऊस, नदीउतारावर ओले झालेले बोजे, असा सगळा प्रवास. मुंबईत कोलाब्याच्या कॉटन ग्रीनवर माल पडे, तिथे तो पुन्हा दाबून बांधला जाई आणि जहाजावर चढे.

आता लिव्हरपूलमध्ये गाठ फोडली आणि आत वाळू निघाली, तर जबाबदार कोण? पहाटेच्या दवात वेचणी करून वजन वाढवणारा शेतकरी? पीक उभे असतानाच ते बांधून घेणारा सावकार? वखारीत पाणी शिंपडणारा व्यापारी? रुईत सरकी तशीच राहू देणारा चरकेवाला? चांगल्या रुईच्या थराखाली आखूड धाग्याची रुई घालणारा मुंबईचा आडत्या? प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवी, आणि गाठ तर मुकी. आपण ‘मापात पाप’ म्हणतो, पण पाप एका मापात असले तर ते पकडता येते. इथे पाच-सहा हात लागलेले आणि एकाचीही खूण नाही.

सरकारला हे नवीन नव्हते. मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध १८२९ सालीच रेग्युलेशन झाले होते. शिक्षा लिहिलेली होती, पण शिक्षा करायला माणूस सापडत नसे. युद्धाच्या धामधुमीत १८६३ साली मुंबईच्या विधिमंडळाने कॉटन फ्रॉड्स अ‍ॅक्ट केला, तेव्हा कुठे विचार बदलला. प्रेसना परवाने, गाठीवर प्रेसची खूण, तपासायला सरकारी इन्स्पेक्टर, आणि या सगळ्याचा खर्च कापसावरच्या पट्टीतून. भेसळ करू नका असे सांगण्यापेक्षा भेसळ कुठे झाली हे कळण्याची सोय करणे जास्त उपयोगाचे, ही त्या कायद्यातली शहाणपणाची गोष्ट. बाकी कायदा तसा दांडगाईचाच होता, आणि इन्स्पेक्टर नावाच्या प्राण्याचा हात कुठे ओला होतो हे तेव्हाच्या व्यापाऱ्यांनाही माहीत असणार.

खानदेशात त्याच दशकात एल. आर. अ‍ॅशबर्नर नावाचे कलेक्टर होते. पुढे १८८० साली काही आठवडे ते मुंबईचे प्रभारी गव्हर्नरही झाले. गृहस्थ उत्साही आणि हट्टी. भेसळ थांबवायची तर मुळात बियाणे बदलले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि वर्ध्याकडचे हिंगणघाटचे लांब धाग्याचे बियाणे खानदेशात आणले. इथे पेरला जाणारा वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा, जाडाभरडा. तो मागे सारायचा त्यांनी चंग बांधला. भडगावला सरकारी मॉडेल फार्म निघाले तेही याच काळात. साहेबांच्या या मोहिमेचे सरकारी कागदांत कौतुक आहे. पण काही वर्षांनी पाहावे तर आखूड धाग्याचा कापूस पुन्हा शेतात हजर.

शेतकरी अडाणी, त्याला चांगल्या-वाईटाची पारख नाही, असा शेरा त्या काळी सर्रास मारला जाई. मला तो पटत नाही. आखूड धाग्याचे झाड काटक, कमी पावसातही तगणारे. शिवाय मणभर कापसातून त्याची रुई जास्त निघते. हिंगणघाटी कापसाचा धागा लांब, पण रुईचा उतारा कमी. लांब धाग्याला लिव्हरपूलमध्ये चार पैसे जास्त मिळत असतीलही. चाळीसगावच्या वखारीत सगळा कापूस एकाच भावाने एकाच ढिगात पडत होता. जास्त भाव मधल्या वाटेत कुठेतरी मुरायचा, शेतापर्यंत पोचायचाच नाही. अशा वेळी जो वजनाला भरेल तो कापूस पेरणे हा हिशेबी माणसाचा निर्णय आहे.

खूण पुढे जाते आणि भाव मागे येत नाही, हे दुखणे तेव्हापासूनचे.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि मुंबईचा फुगा फुटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे कापूसराजे आणि त्यांच्या भरवशावर निघालेल्या बँका, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या एकापाठोपाठ कोसळल्या. खानदेशात मात्र जे उभे राहिले होते ते सगळे मोडले नाही. रेल्वे होती, कपाशीखालचे क्षेत्र होते आणि जळगावसारखे गाव कापसाची मोठी पेठ बनले होते. फ्रॉड्स अ‍ॅक्टशी वैर मात्र वाढत गेले. मुंबईच्या निर्यातदारांना पट्टी नको होती आणि तपासनीसही नको होता. १८७८ मध्ये कायद्याला नवे रूप दिले, तेही फार टिकले नाही. १८८०च्या दशकाच्या आरंभी ते सगळे खातेच गुंडाळले गेले. खुला व्यापार स्वतःच माल सुधारील, अशी तेव्हाच्या सरकारची श्रद्धा होती.

मग पुढची चाळीस वर्षे खुणेचे काम कोणी केले? स्टेशनाने. गाठ ज्या स्टेशनावर दाबली आणि चढवली, त्या स्टेशनाच्या नावाने ती बाजारात ओळखली जाई. दलाल जळगावचा माल, धुळ्याचा माल असे बोलत. चाळीसगाव हे त्यातले एक नाके. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. तोवर धुळ्याचा कापूस सडकेने गाड्या जुंपून इथल्या धक्क्यावर येई. फाटा झाल्यावर चाळीसगाव जंक्शन झाले. जिनिंगची चाके वाफेवर फिरू लागली, तालुक्यातालुक्यात जिन आणि प्रेस उभे राहिले. अमळनेरला प्रताप मिल निघाली, चाळीसगावातही लक्ष्मीनारायण मिल आली. या स्थानिक गिरण्यांना गाठीवरचा नंबर तितकासा लागत नसे. गिरणीचा खरेदीदार जिनवाल्याला ओळखे, जिनवाला व्यापाऱ्याला, व्यापारी गावोगावच्या शेतकऱ्याला. माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी दुकानावर जाऊन भांडता येई. नंबर लागतो तो जिथे घेणारा आणि विकणारा एकमेकांचे तोंड कधीच पाहणार नाहीत तिथे. जपानमधल्या ओसाकाच्या गिरणीला चाळीसगावात येऊन भांडता येत नव्हते.

स्टेशनाच्या नावाला भाव आला की त्या नावाची चोरीही सुरू होते. हलक्या मुलखातला कापूस रेल्वेने चांगल्या नावाच्या स्टेशनावर आणायचा, तिथे जिनमध्ये मिसळायचा आणि त्या स्टेशनाचा म्हणून विकायचा. देशभर ही चाल इतकी बोकाळली की पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सरकारने कापसाची चौकशी करायला समिती नेमली. तिच्या शिफारशींतून इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी जन्मली. १९२३ मध्ये कॉटन ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्ट आला: ठरवून दिलेल्या भागात बाहेरचा कापूस परवान्याशिवाय रेल्वेने न्यायचा नाही. त्यानंतर १९२५ साली कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज अ‍ॅक्ट. सामान्य माणसाने नावही न ऐकलेला हा कायदा आहे, पण गाठीवरच्या नंबराची जन्मपत्रिका त्यात आहे.

प्रेसमधून बाहेर पडण्याआधी प्रत्येक गाठीवर त्या प्रेसला नेमून दिलेली खूण आणि अनुक्रमांक उमटलाच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. व्यापारात याला आजही पी. आर. नंबर म्हणतात, म्हणजे प्रेस रनिंग नंबर. पत्र्याचा छाप, काळी शाई आणि कुंचला. तागाच्या गोणपाटावर लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या जागेत हा नंबर मारला जाई. सोबत व्यापाऱ्याचा मार्का, लॉट नंबर. गाठ तेव्हा ३९२ पौंडांची, म्हणजे मुंबईच्या ७८४ पौंडांच्या खंडीची बरोबर निम्मी. आता ती १७० किलोंची धरतात. सौदा साधारण शंभर गाठींच्या लॉटचा होतो आणि त्या लॉटच्या कागदावर अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंत असे लिहिलेले असते. मिलमध्ये एका गाठीत ओली रुई निघाली तर नंबर वाचायचा, प्रेसला कळवायचे. प्रेसवाला वही उघडतो: ही गाठ कोणत्या दिवशी, कोणासाठी दाबली. त्या दिवशीच्या बाकीच्या गाठीही मग संशयात घ्यायच्या की नाही, तेही त्याच वहीतून ठरते. आज औषधाच्या पट्टीवर बॅच नंबर असतो तो याच कामासाठी. एक गोळी बिघडली तर सगळा कारखाना फेकून द्यावा लागू नये आणि कोणाला पकडायचे तेही कळावे.

त्या वह्यांचा नमुना मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रेसच्या नोंदवहीत गाठीचा नंबर आणि ज्याच्यासाठी ती दाबली त्याचे नाव लिहायचे. जिनच्या नोंदवहीत कापसातली सरकी ज्याच्यासाठी काढली त्याचे नाव आणि तारीख. हा ‘ज्याच्यासाठी’ म्हणजे बहुतेक वेळा व्यापारी. शेतकरी त्या वहीत येत नाही. जिनच्या अंगणात दहा गावांचा कापूस एका गंजीत पडला, की त्यातले नाव-गाव संपले. १९२५ च्या कायद्याने माग काढायची सोय जिनच्या दारापर्यंत नेली आणि तिथेच थांबवली. त्यात कट नव्हता. तक्रार करणारा गिरणीमालक होता, त्याला पकडायचा होता जिनवाला किंवा व्यापारी. कायदाही तेवढ्याच लांबीचा शिवला गेला. ज्याची तक्रार त्याच्या मापाचा कायदा, हे सगळीकडेच चालते.

कापडाच्या बाबतीतही खुणेची अशीच सोय झाली. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्टने ताग्यावर किती वार कापड आहे ते छापणे भाग पाडले. मँचेस्टरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांनी त्याशेजारी देवादिकांची, वाघ-हत्तींची रंगीत तिकिटे चिकटवली. वाचता न येणारा गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखी. आपल्या आजी-पणजींच्या ट्रंकेत अशी तिकिटे सापडतात आणि आपण त्यांना जुनी कला म्हणतो. व्यापाऱ्यांच्या लेखी ती नकली मालापासून वाचण्याची ढाल होती.

शेतकऱ्याचे नाव शेवटच्या पैशापर्यंत टिकवून ठेवण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राने एकदा केला. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना. खानदेशातल्या पन्नाशीपुढच्या कोणत्याही माणसाला केंद्राबाहेरच्या बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडरची बोटे आणि चुकाऱ्याची वाट पाहणे आठवत असेल. या योजनेत कापूस एकदा दिला म्हणजे संपले असे नव्हते. राज्यभरची रुई आणि सरकी विकून जे हाती येईल, त्यावर अंतिम भाव आणि असला तर बोनस. म्हणजे गाठीवर नसले तरी हिशेबात शेतकऱ्याचे नाव शेवटपर्यंत चालत राहिले. लांब धाग्याच्या जादा भावाचा काही वाटा शेतापर्यंत येण्याची ही वाट होती. योजना पुढे तोट्यात, राजकारणात आणि उशिरा मिळणाऱ्या चुकाऱ्यांत बुडाली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी व्यापार पुन्हा मोकळा झाला. तिच्या गैरकारभारावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण ती मोडल्यावर हिशेबातले शेतकऱ्याचे नावही गेले, याची खंत कोणी फारशी व्यक्त केलेली दिसत नाही.

आज खानदेशात बराचसा कापूस खेडा खरेदीत जातो. व्यापारी गाडी घेऊन गावात येतो, ओसरीत वजन होते, रोख पैसे हातात पडतात. पावती बहुधा नसते. ओलावा किती, धागा किती, हे अंदाजावर. केंद्र सरकारच्या कॉटन कॉर्पोरेशनच्या केंद्रावर ओलाव्याची अट ८ ते १२ टक्क्यांची. त्यापुढचा कापूस नाकारतात. घरातल्या खोलीत कापूस साठवून भाव चढायची वाट पाहणाऱ्याला पैशाची नड लागली, की तो केंद्रापर्यंत जात नाही.

दुसऱ्या टोकाला जग फार पुढे गेले आहे. भारतीय रुईत प्लॅस्टिकच्या खतपिशव्यांचे धागे, केस, सुतळ्या सापडतात, अशी जगभरच्या गिरण्यांची जुनी तक्रार. २००० साली टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन सुरू झाले, त्यातून जिनांचे अंगण फरशीचे झाले, यंत्रे बदलली. ७ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक कापूस दिनी ‘कस्तुरी’ हा भारतीय कापसाचा ब्रँड जाहीर झाला. दीडशे वर्षांपूर्वी ‘सुरत’ या नावाने जे गमावले ते दुसऱ्या नावाने परत मिळवण्याचा हा खटाटोप म्हटला तरी चालेल. कॉटन कॉर्पोरेशन आता आपल्या गाठींवर क्यूआर कोड लावते. तो मोबाईलने वाचला की कापूस कुठे खरेदी झाला, कोणत्या कारखान्यात गाठ झाली, कधी झाली, हे ब्लॉकचेनमधल्या नोंदीतून दिसते. गाठींना भारतीय मानक सक्तीचे करण्याचा आदेशही २०२३ मध्ये निघाला, जिनवाल्यांनी विरोध केला आणि अंमलाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

काळ्या शाईच्या नंबरापेक्षा हा कोड शतपटीने हुशार आहे, यात शंका नाही. खरेदीच्या गावापर्यंत तो मागे येतो. १९२५ च्या वहीपेक्षा एक पाऊल जास्त. पण गावातून पुढे शेतापर्यंत तो चालत नाही. अंगणातली गंजी अजून तीच आहे. स्वच्छ वेचणी करणाऱ्याचा आणि कवडीसकट पोते भरणाऱ्याचा कापूस तिच्यात अजूनही एकत्र पडतो. कोड वाचून युरोपातला गिऱ्हाईक शर्टासाठी चार पैसे जास्त देईलही. ते चार पैसे वेचणीला माणसे लावणाऱ्या बाईच्या हातात पडणार नसतील, तर तिने पांढरे बोंड आणि किडके बोंड वेगळे कशासाठी वेचायचे? अ‍ॅशबर्नर साहेबांच्या बियाण्याचे जे झाले, तेच याचेही होईल.

शेतकरी स्वतः गिऱ्हाईक असतो तिथे मात्र हा सगळा प्रश्न उलटा होतो. मे महिन्यात चाळीसगाव-जळगावच्या कृषी केंद्रांवर कपाशीच्या बियाण्यासाठी जी गर्दी होते, तिथे लेबल वाचणारा तोच असतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. ४७५ ग्रॅमच्या त्या पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, मुदत छापलेली असते. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग, सत्यप्रत लेबलाच्या बियाण्याला हिरवा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने बियाण्याचा माग काढण्यासाठी ‘साथी’ पोर्टल आणले, त्यातही क्यूआर कोड आहेच. तरीही गुजरातच्या बाजूने विनापरवाना तणनाशक सहनशील बियाणे चोरट्या वाटेने येते, कधी बिनछापाच्या पुडीत, कधी नकली छापाच्या. ते उगवले नाही तर दाद कोणाकडे मागणार? त्या पुडीला बाप नाही, आणि विकणाऱ्याने बिलही दिलेले नसते. लिव्हरपूलच्या दलालासमोर १८६३ मध्ये जी मुकी गाठ होती, तिच्यासमोर आज आपला शेतकरी उभा आहे.

म्हणून शेतकरी वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कापूस कोणालाही विका, ओसरीत विका की केंद्रावर, वजन आणि ओलावा लिहिलेली पावती मागा. आज भाव त्यावर मिळत नसला तरी उद्या मागायचा असेल तर कागद लागेल. आणि बियाण्याचे बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग व मूठभर बियाणे कापूस घरात येईपर्यंत जपून ठेवा. बियाणे उगवले नाही म्हणून कृषी अधिकाऱ्याकडे किंवा ग्राहक आयोगात गेलात, तर पहिल्यांदा लॉट नंबर विचारतात.